थोरलीची घट

मी जाड होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. 'अंगानं भरलेली', 'खात्यापित्या घरची' असले गोड शब्द लोक माझ्या तोंडावर वापरायचे. मी पाठमोरी झाले की जे बोलायचे तेही मला नीट ऐकू यायचं. मानवतहून सेलूला नवरी म्हणून आले तेव्हा स्टेशनावर घ्यायला दमणी आली होती. मी मागच्या बाजूला बसले आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं गेलं. गाडीवान ओरडला, "नवरीबाईला म्होरं सरकवा हो!" सगळं स्टेशन हसलं. मीही हसले. न हसून करते काय?

त्या जाडपणानं मला आयुष्यात एकदाच मोठेपणा दिला, आणि तो मला आजही नको आहे. भादवा जवळ आला की समाजातल्या बायका आपल्या सुना घेऊन माझ्याकडे येतात, त्यांना माझ्या पाया पडायला लावतात. "नुसत्या पाण्यावर दहा दिवस काढले यांनी. चेहरा नुसता उजळला व्हता. तशी श्रद्धा पायजे," असं त्या पोरींना सांगतात. मला ओरडून सांगावंसं वाटतं, की बायांनो, श्रद्धा माझी नव्हती, चरबी होती. पण ऐकून कोण घेणार? थोर माणसानं स्वतःला नावं ठेवली की लोकांना तो आणखी थोर वाटतो. म्हणून आता लिहूनच ठेवते.

आमचं घर कापसाच्या आडतीचं. निजामाचं राज्य होतं, कचेरीतलं सगळं उर्दूत चालायचं, पण बाजारात आणि घरात आमची आपली मराठीच. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवणं, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं, भादव्यात हिरवी भाजी बंद, असले नियम घरात कुणी सांगावे लागत नसत. सासूबाई, सासरे, माझे यजमान, धाकटे दीर आणि आम्ही दोघी जावा, एवढंच माणूस. धाकटी चारठाण्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा इतकी लहान होती की पहिल्या दिवाळीला माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि झोपेत मला आई म्हणाली. माझ्या पोटी तोवर कुणी नव्हतं, त्यामुळे असेल, पण ती मला जाऊ कधी वाटलीच नाही. तिची वेणी मी घालायची, तिच्या पायातला काटा मी काढायची, आणि ती रडली की रागवायचीही मीच.

प्रकृती तिची तोळामासा. वाऱ्यानं उडेल अशी. आडतीच्या पडवीत कापूस तोलायचा मोठा काटा टांगलेला असे. बाजार नसला आणि पुरुष बाहेर गेलेले असले, की आम्ही दोघी त्यावर झोके घ्यायचो. म्हणजे झोके ती घ्यायची. मी एका पारड्यात बसले की ते जमिनीला टेकायचं आणि ती समोरच्या पारड्यात वर लोंबकळत राहायची. "अक्का, मला खाली घ्या," म्हणून ओरडायची आणि हसता हसता तिला खोकला लागायचा.

जेवायला आम्ही दोघी सगळ्यांच्या मागून बसायचो. ती अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात टाकायची. "मला जाईना, अक्का." मी मुकाट्यानं खायची. मला वाटायचं, खरंच जात नसेल. एवढंसं पोट, त्याला भूक ती किती असणार? असं मलाच वाटायचं असं नाही. मोठ्या अंगाला मोठी भूक आणि लहान अंगाला लहान, हा साऱ्या गावाचा हिशेब होता, आणि त्यात चूक असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

जर्मनची दुसरी मोठी लढाई चालू होती त्यातल्या एका वर्षी, पावसाळ्याच्या तोंडाला, धाकट्या दिरांना मुदतीचा ताप आला. ताप उतरेना. स्टेशनाच्या वाटेवर एक म्हातारे हकीमसाहेब राहायचे, ते रोज येत. तापाच्या माणसाला अन्न द्यायचं नाही, साबुदाण्याचं पाणी पाजायचं, हा त्या काळचा इलाज. धाकटी नवऱ्याच्या उशाशी बसून राहिली. ते खात नाहीत तर मी कशी खाऊ, असं तिचं. वाटीत दीर जे शिल्लक टाकतील ते ती पिऊन घ्यायची, आणि मी ताट वाढून नेलं तर झाकून ठेवायची. मी दोनतीनदा चिडून बोलले. "दोघं मिळून आजारी पडा म्हणजे माजी हाडं मोडतील," म्हणाले. ती नुसती हसली. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या, ते मला दिसत होतं. पण घरात माणूस जाईल की राहील असं चाललेलं असताना बांगड्यांकडे कोण बघतं?

श्रावणात ताप उतरला. दीर भिंतीला धरून चालायला लागले तेव्हा तिनं सांगितलं, की ताप चढलेला असताना तिनं मंदिरात पदराला गाठ मारली होती. हे बरे झाले तर भादव्यात पर्युषण पर्वाचे दहाही दिवस नुसत्या पाण्यावर राहीन. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं आणि तोंडावरून हात फिरवला. देवापुढे बोललेलं फेडायलाच हवं, यात घरात दोन मतं नव्हती. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आमच्याकडे एवढा मोठा उपवास एकटीनं करीत नसत. जोडीदारीण लागायची. दोघींनी बरोबर मंदिरात जायचं, बरोबर पाणी घ्यायचं, एकमेकींना गाण्यांत आणि कथांत गुंतवून ठेवायचं. सगळ्या दिवसांचा नेम एकदम घ्यायचा नसे. रोज सकाळी मंदिरात हात जोडून त्या एका दिवसाचा घ्यायचा. म्हणजे कुणालाही, कुठल्याही सकाळी, मागं फिरता येत होतं. आणि एक नियम असा, की उपवास चालू असताना भुकेचं नाव काढायचं नाही. भूक लागली असं तोंडानं म्हटलं की व्रताला डाग लागतो. म्हणून कुणी विचारायचंही नाही आणि कुणी सांगायचंही नाही.

सासूबाईंचे सांधे धरलेले. शेजारच्या दोघीतिघींना विचारलं, त्यांच्या जोड्या आधीच ठरल्या होत्या. मग मीच म्हणाले, "मी बसते." सगळं घर हसलं. यजमान म्हणाले, "तू? दुपारच्याला एक घास उशीर झाला तर घर डोक्यावर घेतीस!" ते खरंच होतं. मला वाटलं होतं, दोन दिवस निभतील, तिसऱ्या दिवशी मी हात टेकेन आणि मग कुणी दुसरी बसेल. तेवढे दोन दिवस तरी तिला सोबत.

आमच्या घराची एक रीत होती. मोठा उपवास करणारीला आधी काट्यावर बसवायचं, तिच्या भारंभार गूळ काढून ठेवायचा, आणि पारण्याच्या दिवशी तो गावात वाटायचा. धाकटीच्या पारड्यासमोर ढेपा चढवल्या तेव्हा सासरे म्हणाले, "बस, झालं इतक्यात." माझ्या वेळी ढेपा संपल्या, दुकानातून आणखी आणाव्या लागल्या. हमाल तोंड फिरवून हसत होते. "गाव गोड करायला म्या एकलीच पुरं हाय," मी म्हणाले, तेव्हा सासरेही हसले. शहाणा, शांत माणूस. जन्मभर कापूस तोलण्यात गेलेला.

पहिले दोन दिवस माझे नाकी नऊ आले. पोटात कावळे ओरडत होते. शेजारी फोडणी पडली की डोळ्यांत पाणी यायचं. दुपारी एकदा उकळून गाळलेलं पाणी मिळे, ते मी असं प्यायची की जणू बासुंदीच. डोकं फुटत होतं, तोंड कडू झालं होतं, आणि मनातल्या मनात मी देवालाही दोन शब्द सुनावले. तिसऱ्या दिवशी उठले, तर भूक नव्हतीच. कुठं गेली कुणास ठाऊक. अंग हलकं, डोकं साफ. मला आधी भीती वाटली, मग मजा वाटली. मंदिरात उभी राहिले तरी पाय दुखेनात. मी गाणी म्हणायला लागले. माझा आवाज चांगला होता, बायका ऐकायला जमायच्या.

धाकटी माझ्याशेजारी बसून हळू आवाजात साथ द्यायची. भादव्याचा उकाडा, पण ती गोधडी पांघरायची. विचारलं तर म्हणायची, "असंच. बरं वाटतंय." सकाळी अंगण झाडायची, पाणी गाळायची. मी झाडू काढून घेतला की सासूबाई म्हणायच्या, "करू दे तिला. काडीला काय व्हतंय? तिला खायची सवय हायच कुठं? तू आपली पड गपचिप." त्या दुष्ट नव्हत्या, हे मला सांगायलाच हवं. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. त्यांचा जीव माझ्यासाठी खालीवर होत होता, कारण मोडणार ती मी मोडणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

आणि मी मोडेना. तेव्हा गावात कुजबुज सुरू झाली. एवढं मोठं धूड, आणि इतके दिवस उपाशी राहून गाणी म्हणतंय? चोरून खात असणार. कुणीतरी ते सासूबाईंच्या कानावर घातलं आणि त्या तीन ताड उडाल्या. घराण्याच्या व्रतावर डाग! त्यांनी त्याच दुपारी चार बायकांना पडवीत बोलावून घेतलं आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "दोघींना बी काट्यावर घ्या. व्हऊन जाऊ दे."

इथं आडतीतली एक गोष्ट सांगते. कापूस घेतला तेव्हा जे वजन असतं ते पुढे राहत नाही. माल वाळतो, वजनात उतरतो. त्या उतरण्याला घट म्हणतात. ज्या मालाची घट जास्त, तो ओला, कच्चा, दगा देणारा. ज्याची घट कमी, तो पक्का, भरवशाचा. सासरे घट बघून माल ओळखत, आणि त्यांचा अंदाज कधी चुकत नसे. बाजारात लोक त्यांना त्यासाठीच मानायचे.

त्यांनी मला बसवलं. गुळाच्या वेळचं वजन त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. मी बरीच उतरले होते. बायकांची तोंडं बंद झाली, एक तर माझ्या पाया पडून गेली. मग धाकटीला बसवलं. तीही उतरली होती, पण माझ्याइतकी नाही, निम्मीही नाही. सासऱ्यांनी काटा धरून ठेवला, दोनदा बघितलं, आणि बाजारात सांगावं तशा शांत आवाजात सांगितलं, "थोरलीची घट लय हाय. तिला जपा. धाकटीची म्हणावी तशी घटच न्हाई. ती पक्की हाय."

तिथून पुढे मला पलंगावरून खाली पाय टाकू दिला नाही. मंदिरात जाताना दोघी धरायला, डोक्यावर छत्री, घरी आल्यावर वारा घालायला कुणी ना कुणी. आणि माझे पाय चेपायला धाकटी. मी पाय ओढून घेतले. "अगं सोड, मी काय म्हातारी झाले का?" तर म्हणाली, "चेपू द्या अक्का. तुमची घट लय झाली." तिची बोटं थंडगार होती. भर दुपारी इतकी थंड बोटं कशी, हे माझ्या मनात आलं आणि निघून गेलं. काट्यानं सांगितलेलं खोटं कसं असेल? आम्ही काट्यावर जगणारी माणसं.

एक-दोन दिवसांनी हकीमसाहेब दिरांना बघायला आले. ओसरीवर आम्ही दोघी बसलो होतो. त्यांनी दिरांची नाडी बघितली, जाता जाता धाकटीकडे बघितलं आणि थांबले. तिच्या डोळ्यांकडे, ओठांकडे बघत राहिले. मग सासूबाईंना म्हणाले, "अम्मा, इस बच्ची को आज के आज कुछ खिलाओ." आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "इनकी फिकर नको. ही अजून लय दिवस काढील."

मला राग आला. म्हणजे आता परका पुरुषही माझ्या जाडपणावर बोलणार! सासूबाईंनाही आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "हकीमसाहेब, आमी काट्यावर बघितलंय. घट थोरलीची हाय."

म्हातारा ओसरीच्या कडेला टेकला. सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं त्यानं सांगितलं. "अम्मा, अंगावरची चरबी म्हंजे चुलीजवळ रचलेलं सरपण. बाहेरून दाना न्हाई गेला तर अंग ते जाळतं. या बाईकडं सरपण लय हाय, जळतंय, म्हणून वजन लय उतरायलंय. ते चांगलंच हाय. या पोरीकडचं सरपण नवऱ्याच्या तापातच सरलं. आता ती घराचे वासे जाळायलीय. किती गेलं ते काय बघता? किती उरलं ते बघा."

आज मला त्यातला शब्द न् शब्द पटतो. तेव्हा मात्र सगळं उलटं वाटलं. जिचं जास्त गेलं ती ठीक, आणि जिचं कमी गेलं ती धोक्यात? सासरे पण म्हणाले, "हकीम मोठा, पर मालाचं त्याला काय कळतंय?" तरी सासूबाई मनातून हलल्या असाव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिरात नेम घ्यायच्या आधी त्यांनी धाकटीला बाजूला घेतलं. "पोरी, सोडायचा का? देव काय रागवायचा न्हाई. झालं तेवढं पावलं."

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मला ती नजर अजून दिसते. मी तिला काय सांगणार? भुकेचं नाव काढायचं नाही. तिचा नवस, तिचा नवरा, तिनंच ठरवायचं, असं मला वाटलं. मी हसून मान हलवली, म्हणजे तुझ्या मनाला येईल तसं कर. ती परत सासूबाईंकडे वळली आणि म्हणाली, "अक्का हायत तवर मी हाय." मग हात जोडून तिनं त्या दिवसाचा नेम घेतला. मीही घेतला. पुढच्या प्रत्येक सकाळी असंच झालं. ती आधी माझ्याकडे बघायची, मग हात जोडायची.

दहा दिवस पार पडले. होय, तिचेही पडले. शेवटच्या दिवशी आम्हा दोघींना दमणीत बसवून ताशे लावून गावातून मिरवलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. लोकांनी फुलं टाकली. मुसलमान मोहल्ल्यातल्या बायकाही बांबूच्या चिकाच्या पडद्यामागून बघत होत्या. मला वाटलं, जिंकलं. हकीमसाहेब उगाच घाबरवून गेले. त्यांचा मुलगा हैदराबादेत असायचा, ते त्याच्याकडे गेले होते. परत आल्यावर त्यांना दोन शब्द ऐकवायचे असं मी ठरवूनही ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. आमच्याकडे पारण्याचा पहिला घोट मुगाच्या कढणाचा, आणि मग घास. म्हणजे जी जी नातेवाईक, जी जी शेजारीण येईल, तिनं आपल्या हातानं तपस्विनीला एक घास भरवायचा. त्यात भरवणारीला पुण्य लागतं, म्हणून कुणाला नाही म्हणायचं नाही. सकाळपासून बायकांची रीघ लागली. कुणाची गुळाची खीर, कुणाचा साजूक तुपातला शिरा, कुणाचं आटीव दूध. धाकटीची आई चारठाण्याहून रात्रभर बैलगाडीनं आली होती, मांडीवर खव्याचं पातेलं घेऊन. लेकीच्या तोंडात तिनं खवा घातला आणि रडायला लागली. सगळ्याच रडलो. इतकं प्रेम मी त्या घरात कधी बघितलं नव्हतं.

मला भरवलेलं माझ्या पोटानं ठेवलं नाही. मी गोठ्यामागे जाऊन ओकले आणि मोकळी झाले. धाकटीनं मात्र एकही घास टाकला नाही. गुणी पोर. प्रत्येकीचा मान राखला. दुपारपर्यंत तिच्या गालावर रंग आला, डोळे चमकायला लागले. "बघा, कशी टवटवीत झाली," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या यजमानांना गुळाच्या पाट्या घेऊन गावात पाठवलं. त्या दुपारी मी सुखानं झोपले.

दुसऱ्या दिवशी तिची पावलं भरलेली दिसली. हाडं दिसायची ती दिसेनात. तिची आई पायाशी बसली होती. तिनं पाऊल हातात घेऊन कुरवाळलं आणि आनंदानं मला म्हणाली, "अंग धरलं बघा पोरीनं. खाल्लेलं लागायलंय." मलाही तसंच वाटलं. तिनं अंग धरावं म्हणून मीच किती वर्षं मागं लागले होते. आम्ही तिला आणखी खीर दिली.

संध्याकाळपासून तिला दम लागायला लागला. आडवं होता येईना. पिंडऱ्यांपर्यंत सूज चढली, बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. सकाळच्या गाडीनं हकीमसाहेब परतले, तेव्हा दीर स्वतः धडपडत स्टेशनावर जाऊन त्यांना घेऊन आले. त्यांनी तिचे पाय बघितले, नाडी बघितली. "क्या खिलाया?" त्यांनी विचारलं. मी एकेक सांगत गेले. खीर, शिरा, दूध, खवा. प्रत्येक नावाला ते डोळे मिटत होते. "रिकाम्या अंगावर इतकं एकदम?" एवढंच म्हणाले. पातळ पेज चमच्यानं द्या म्हणाले, एक पुडी दिली, आणि ओसरीवर जाऊन बसून राहिले. पैसे द्यायला गेलेल्या सासऱ्यांना त्यांनी हातानंच थांबवलं.

ती गेल्यावर गाव काय बोललं ते सांगते. नवस फेडून गेली, पारणं करून गेली, तिचं सोनं झालं. आणि थोरलीची श्रद्धा दांडगी म्हणून ती तरली. धाकटीच्या मनात कुठंतरी किंतु राहिला असेल. हे ऐकलं तेव्हा मी तोंडात पदर कोंबला, नाहीतर त्या बाईच्या झिंज्या धरल्या असत्या. धाकट्या दिरांनी पुन्हा लग्न केलं नाही. ते माझ्याशी बोलायचे, पण बरे झालेल्या आपल्या अंगाकडे असे बघायचे, जणू ते त्यांना कुणी चोरून आणून दिलं आहे. सासऱ्यांनी काट्याला हात लावणं सोडलं. तोलायचं काम माझ्या यजमानांकडे आलं.

पण ती गेली त्या दुपारचं मला सांगायचं आहे.

तिला टेकून बसायला उशा पुरेनात, भिंत टोचायची. म्हणून मी भिंतीला पाठ लावून बसले आणि तिला माझ्या अंगावर रेलून घेतलं. माझ्या जाड अंगाचा तिला तेवढाच उपयोग झाला. जरा बरं वाटलं असावं, कारण ती बोलायला लागली. एक शब्द, मग दम, मग दुसरा शब्द.

"अक्का, माझ्यापायी तुमचे लय हाल झाले."

मला तिला हलकं करायचं होतं. उपवास संपला होता, आता भुकेचं नाव काढायला हरकत नव्हती. मी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "कशाचे हाल, येडी हायस का? तिसऱ्या दिवसापासनं मला भूकच न्हवती. तू म्हणली असतीस तर आणखी दहा केले असते."

मला वाटलं, ती हसेल. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"खरंच न्हवती?"

"आईची आन."

तिनं परत मान माझ्या खांद्यावर टेकली.

"मला रोज लागायची," ती म्हणाली. "रोज सकाळी वाटायचं, आज सोडावं. मंग तुमच्याकडं बघायची. येवढं मोठं अंग... ह्यास्नी किती लागत आसंल. तरी माझ्यासाठी गप हायत. मंग सोडायची लाज वाटायची."

मी तिला दोन्ही हातांनी धरून तशीच बसले, आणि दिवस मावळायच्या आत ती माझ्या अंगावरच गेली.